भिंतीवरची सात मिनिटं

पत्रात लिहिलं होतं: ‘आपण विनाकारण लाल दोरी ओढून रोलर थांबवला. त्यामुळे वाफेचा दाब वाढून सात मिनिटांनी नळी फुटली व सहकारी कामगाराच्या हातास इजा झाली. तरी आपणास कामावरून का कमी करू नये, याचा खुलासा चौकशीत करावा.’

वहिनीने ते पत्र उभ्याउभ्या तीनदा वाचलं. पहिल्यांदा तिला वाटलं, पत्ता चुकलाय. दुसऱ्यांदा वाटलं, आपलंच डोकं फिरलंय. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. नवऱ्याने उठून खिडकी लावून घेतली, एवढं सांगितलं तरी पुरे.

“विनाकारण म्हणे! माणसाच्या हातावर वाफ पडली, हे यांना कारण वाटत नाही?”

“अगं हळू. ती आत पडलीय.”

“ऐकू दे की! त्यांनाच तर ऐकायला हवंय!”

आत पडली होती ती वन्सं, म्हणजे वहिनीची नणंद. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायला. वहिनीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून वहिनी तिला अहो-जाहो करायची आणि ती वहिनीला अगं-तुगं. धुलाईघरात आधी लागली ती वन्सं. तिनेच मुकादमाच्या मागे लागून वहिनीला चिकटवलं, पहिल्या दिवशी “ही माझी वहिनी” म्हणून ओळख करून दिली, आणि तेव्हापासून अकरा वर्षं अख्खं धुलाईघर तिला वहिनीच म्हणत आलं. इस्त्रीच्या मोठ्या रोलरच्या अलीकडे वन्सं उभी राहायची आणि ओली चादर आत सारायची. पलीकडे वहिनी, कोरडी कडक चादर ओढून घडी करायला. हॉस्पिटलं आणि हॉटेलं मिळून दिवसाला नऊशे चादरी. नणंद-भावजयीचं कधी पटत नाही म्हणणाऱ्यांनी या दोघींना एकदा बघायला हवं होतं. मधे गरम रोलर गरगरतोय, एकमेकींचं तोंड दिसत नाही, तरी संध्याकाळी काय करायचं ते चादरीच्या आवाजावरून ठरायचं.

आणि आता दहा दिवस झाले, वन्सं तिच्याशी बोलत नव्हती. पाणीसुद्धा भावाच्या हातून मागायची. नोकरी जाते की राहते, तो घोर होताच. पण वहिनीला खरं खात होतं ते हे, की ज्या बाईसाठी तिने दोरी ओढली, तीच बाई तिला हाताची मारेकरी समजत होती.

झालं होतं ते साधं. वाफेची रबरी नळी जुनी झाली होती. वहिनीने तीनदा सांगून ठेवलं होतं, “मुकादम, ही नळी एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल.” मुकादमाने तीनदा नळीला काळी चिकटपट्टी गुंडाळली. त्या सकाळी पावणेअकराच्या सुमाराला पट्टी सुटली, नळी फाटली आणि वाफ फुस्सकन वन्संच्या उजव्या हातावर आली. वहिनीला पलीकडून वाफेचा लोट दिसला. रोलरला वळसा घालून ती धावली तर वन्सं दोन पावलं मागे उभी, हात पोटाशी धरलेला, डोळे मोठ्ठे, आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही. वहिनीने वरची लाल दोरी ओढली. दोरी ओढली की रोलर थांबतो, वाफ बंद होते आणि भोंगा वाजतो. भोंगा वाजला आणि मग वन्सं ओरडली. ती अशी ओरडली की गाडीवाले ड्रायव्हर बाहेरून आत आले.

आता यात सात मिनिटं कुठून आली? तर ऐका.

धुलाईघराच्या हॉलमध्ये एकच मोठं घड्याळ होतं, आणि ते सात मिनिटं पुढे होतं. चुकून नव्हे, मुद्दाम. कुणा जुन्या मुकादमाच्या डोक्यातून ही अक्कल निघाली होती, की घड्याळ पुढे असलं म्हणजे बायका लवकर येतील. आल्याही. आठची पाळी, घड्याळात आठ वाजले की लेटमार्क, म्हणून सगळ्याजणी खऱ्या सात त्रेपन्नच्या आत हॉलमध्ये. आणि सुटताना? सुटताना मात्र मॅनेजरचं मनगटी घड्याळ, ते अगदी बरोबर! येताना भिंतीचं आणि जाताना मनगटाचं. वहिनी पहिल्या वर्षी यावर भांडली होती. तेव्हा मुकादम म्हणाला होता, “वहिनी, सात मिनिटांनी काय बिघडतं?”

हे बिघडलं. रोलरच्या पेटीला स्वतःचं छोटं घड्याळ होतं, कारखान्यातून आलेलं, कुणाचा हात न लागलेलं. दोरी ओढली की त्यात वेळ आपोआप नोंदली जायची. त्यात होतं: दोरी, दहा एक्केचाळीस. आणि मुकादमाने आपल्या रजिस्टरात लिहिलं, भिंतीकडे बघून: नळी फुटली, दहा अठ्ठेचाळीस. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मॅनेजरला साक्षात्कार झाला. आधी दोरी, सात मिनिटांनी नळी. म्हणजे दोरीमुळे नळी! चिकटपट्टीचं नाव नको, जुन्या नळीचं नाव नको, चोर सोडून संन्याशाला फाशी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते असं म्हणतात. इथे फांदी आधीच मोडली होती, कावळा घाबरून नंतर ओरडला, आणि यांनी पंचनामा केला कावळ्याचा.

वहिनीला वाटलं होतं, तीस बायका आहेत, एक तरी बोलेल. ती एकेकीला गाठून विचारत सुटली. घडी टेबलावर एक बाई होती, तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच बंद व्हायची. तो रेडिओसुद्धा खरखरला. “तसं नाही गं वहिनी, पण आता ते सात मिनिटं म्हणतात तर... मधे जरा शांत शांत होतं खरं.”

“कधी शांत होतं? भोंगा वाजला आणि लगेच त्या ओरडल्या!”

“लगेच म्हणजे... मला तर खूप वेळ गेल्यासारखं वाटलं बाई.”

“भीती वाटली की वेळ लांबतो! म्हणून काय त्याची सात मिनिटं होतात?”

“आता मला काय घड्याळ कळतं!” म्हणून रेडिओ बंद पडला. बाकीच्या तर आधीच मूग गिळून बसल्या होत्या. यातल्या काहीजणी खोटं बोलत नव्हत्या, हे वहिनीला कळत होतं आणि त्यानेच तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. कागदावर सात मिनिटं आहेत म्हटल्यावर त्यांना ती आठवायलाही लागली होती.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तिने शेवटी वन्संच्या खोलीचं दार लोटलं. वन्सं खिडकीशी बसली होती, पट्ट्यांनी गुंडाळलेला हात उशीवर ठेवून.

“वन्सं, बास झालं हे. उद्या चौकशी आहे. तुम्ही काय सांगणार आहात?”

 वन्सं भिंतीला सांगितल्यासारखी म्हणाली, “जे झालं ते.”

“काय झालं?”

“मी भोंगा ऐकला. आणि मग माझा हात पेटला. असा पेटला, वहिनी, की...” तिने पट्ट्यांवर डावा हात ठेवला. “मी रोज रात्री ते ऐकते. आधी भोंगा. मग आग. मी कशी विसरेन?”

“अहो, नळी आधी फुटली! मी धावत आले ती वाफ बघूनच!”

“मुकादम हॉस्पिटलात आला होता. त्याने कागद दाखवले. मशीन खोटं बोलतं का?”

“मुकादम बोलतो ना!”

“आणि माझा कान? तोही खोटा? तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. घाईत ओढलीस. तुझा स्वभावच तसा उतावळा. पण केलंस ते केलंस म्हण ना एकदा! म्हण, वन्सं चुकले. मी माफ करून टाकेन.”

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. “न केलेल्या गोष्टीची माफी मागू? मेले तरी मागणार नाही,” म्हणाली, आणि दार असं आपटून गेली की ताकात रवी फिरवणारा नवरा स्वयंपाकघरात दचकला. आपटल्यावर तिला वाईटही वाटलं. पण परत जायला पाय उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखीच निघाली आणि नेहमीसारखीच धापा टाकत हॉलमध्ये शिरली. वन्संला भाऊ रिक्षाने मागून आणणार होता. हॉलमध्ये सगळ्याजणी हजर होत्या, ऍप्रन बांधून, रोलरपाशी, टेबलापाशी, आपापल्या जागी. मोठ्या ऑफिसातून आलेले चौकशी साहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते. टक्कल, जाड चष्मा, आणि चेहरा असा की घरी बायकोने सकाळीच काहीतरी ऐकवलंय. मॅनेजर त्यांच्या शेजारी हात बांधून उभा.

रोजच्यासारखं कुणी काम मात्र सुरू केलं नव्हतं. सगळ्या भिंतीकडे बघत होत्या. वहिनीने पाहिलं. घड्याळात आठला सात मिनिटं कमी होती.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मेल्यांनी रातोरात घड्याळ बरोबर केलं होतं! अकरा वर्षं सांगून जे केलं नाही, ते पुरावा पुसायला एका रात्रीत केलं.

“काय हो,” साहेबांनी चहाचा घोट घेत मुकादमाला विचारलं, “काम का सुरू करत नाहीत या?”

“आठ वाजले की करतील साहेब.”

“मग आत्तापासून उभ्या कशाला?”

मुकादम हसला आणि त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजर म्हणाला, “कामाची आवड आहे, साहेब.”

डोंबलाची आवड! वहिनी ओठ चावून गप्प राहिली. आत्ता बोलली असती तर तोंडातून भलतंच काही आलं असतं.

दहा वाजता हॉलच्याच कोपऱ्यात टेबल मांडून चौकशी सुरू झाली. वन्संला खुर्ची दिली. मॅनेजरने दोन्ही कागद वाचून दाखवले. साहेबांनी विचारलं, “तुमचं म्हणणं काय?” वहिनी म्हणाली, “साहेब, ते भिंतीवरचं घड्याळ तेव्हा सात मिनिटं पुढे होतं.”

“छे!” मुकादम म्हणाला. “साहेब, तुमच्या घड्याळाशी लावून बघा ना.”

साहेबांनी मनगट बघितलं, भिंत बघितली. “बरोबर आहे की हो, बाई.”

“आज बरोबर आहे, साहेब. काल सकाळी नव्हतं. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत, आज सात त्रेपन्नला तीसच्या तीस बायका ऍप्रन बांधून उभ्या होत्या. एकीलाही उशीर नाही! तीस बायकांची पोरं एकाच दिवशी शहाणी झाली? तीस घरांत एकाच दिवशी नळाला पाणी लवकर आलं?” तिचा आवाज चढत गेला. “आमच्या पायांना ठाऊक नव्हतं ना घड्याळ फिरवल्याचं! ते आपले रोजच्या वेळेला धावत आले. फाटकावरच्या मशीनमध्ये आमची कार्डं आहेत, मागवा. आणि मुकादमाचं लेटमार्कचं रजिस्टर मागवा. शेजारी शेजारी ठेवा, तुम्हाला तशी सवय आहेच!”

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पण कार्डं मागवली. सात एक्कावन्न, सात बावन्न, सात पन्नास, वर्षभर तेच. मग एक लेटमार्क काढला, नेमका रेडिओचा. कार्डावर फाटक सात चोपन्न, रजिस्टरात हॉलमध्ये आठ वाजून एक. दुसरा काढला. सात पंचावन्न, आठ दोन. तिसरा काढला.

“हे कसं?” साहेबांनी विचारलं.

मॅनेजर म्हणाला, “फाटकातून आत यायला वेळ लावतात, साहेब. गप्पा मारत येतात.”

 साहेब उठले, फाटकापर्यंत चालत गेले आणि परत आले. हॉलमधल्या सगळ्या मान वळवून बघत होत्या. “वीस पावलं,” ते म्हणाले. “आणि सगळ्यांच्या गप्पा बरोब्बर सात मिनिटांच्या?”

तेव्हा कुठे रेडिओ लागला. “पुढेच होतं साहेब! मी लागले तेव्हापासून पुढे! आणि सोडतात मात्र मॅनेजर साहेबांच्या घड्याळाने!” मग काय, एकीने तोंड उघडलं म्हटल्यावर सगळ्यांनाच कंठ फुटला. आधी पंधरा दिवस कुठे गेला होता गं तुमचा कंठ, असं वहिनीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने गिळलं.

साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “ठीक. अठ्ठेचाळीसमधून सात गेले, एक्केचाळीस. दोरीही एक्केचाळीसची. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच मिनिटातल्या. पण त्या मिनिटात आधी काय आणि मागाहून काय, हे कुठलंच घड्याळ सांगत नाही.” ते वन्संकडे वळले. “ते तुम्हीच सांगू शकता, बाई.”

 मॅनेजरच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. वन्संचा जबाब त्याला माहीत होता.

वन्संने वहिनीकडे पाहिलं नाही. “मी खोटं बोलणार नाही, साहेब. सात मिनिटं वगैरे मला माहीत नाही. पण भोंगा आधी वाजला. मग माझा हात भाजला.”

 अकरा वर्षांचं घड्याळ वहिनीने पाडलं होतं, आणि आता ज्याच्याशी भांडायचं ते घड्याळ नव्हतंच. ती खुर्चीपाशी गेली आणि वन्संच्या समोर खाली बसली.

“वन्सं, खोटं बोला असं मी म्हणतच नाही. मला एवढंच सांगा. भोंगा वाजला तेव्हा तुमचा हात कुठे होता?”

“कुठे म्हणजे?”

“नळीपाशी होता?”

“नाही गं. असा होता.” वन्संने पट्ट्यांचा हात उचलला आणि पोटाशी घेतला. डाव्या हाताने न सांगता त्यावर ऍप्रनचं टोक ओढल्यासारखं केलं, अंगावर ऍप्रन नसतानाही. “असा. ओल्या ऍप्रनमध्ये धरला होता.”

“मग नळीपाशी नव्हता ना?”

“नव्हता म्हणते ना! मागे ओढला होता मी.”

“का ओढला होतात?”

 वन्संने पोटाशी धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग रोलरकडे, जिथे नवी नळी लावली होती. मग परत हाताकडे. 

“फुटली होती,” ती हळूच म्हणाली. “साहेब, नळी फुटली होती. म्हणून ओढला. दोन पावलं मागे आले मी, ऍप्रनमध्ये घेतला, आणि... आणि मग भोंगा वाजला. दुखायला मागाहून लागलं.” आणि एकदम तिचा आवाज मोठा झाला, इतका मोठा की मुकादम मागे सरकला. “अरे, दुखायला मागाहून लागलं! चटका बसला की लगेच कळतं का? आधी हात निघतो, मग कळतं! आणि तू हॉस्पिटलात येऊन, माझ्या उशाशी बसून मला कागद दाखवलेस! माझ्या वहिनीवर नाही, तुझ्या कागदावर विश्वास ठेवला मी! पंधरा दिवस मी हिच्या हातचं पाणी घेतलं नाही रे! पंधरा दिवस!”

साहेबांनी जबाब लिहून घेतला. खाली वेळ घालायची होती, म्हणून त्यांची मान भिंतीकडे वळली. मग थांबले आणि मनगटावरचं घड्याळ बघून लिहिली. नळीच्या चिकटपट्टीबद्दल त्यांनी मॅनेजरला जे विचारायला सुरुवात केली ते ऐकायला वहिनी थांबली नाही. तिने वन्संला डाव्या हाताला धरून उठवलं.

बाहेर ऊन होतं. वन्सं तीन पावलं चालली आणि थांबली.

“वहिनी, बोल काहीतरी.”

“काय बोलू? मी उतावळी ना? माझा स्वभावच तसा!”

“शिव्या घाल. पण बोल.”

मग वहिनी बोलली. पाण्याचा तांब्या परत पाठवला त्याबद्दल बोलली, भावाच्या तोंडून निरोप पाठवले त्याबद्दल बोलली, दुसऱ्याच्या कागदावर विश्वास आणि घरच्या माणसावर नाही, त्याबद्दल तर फारच बोलली. मधेच रडली, नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वन्सं दर वाक्याला “हो गं, हो” म्हणत राहिली. रिक्षापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने दोनदा हाक मारली, मग नाद सोडला. फाटकापर्यंत वीसच पावलं होती. त्या दोघींना तेवढं चालायला चांगली सात मिनिटं लागली.